पट्टा देणारे हात

१८७९ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष युलिसिस ग्रँट तोक्योत पाहुणे होते. उद्योगपती एइइची शिबुसावा यांनी आपल्या घरी त्यांना जुजुत्सूचे खेळ दाखवायचे ठरवले. त्यासाठी जे जाणकार बोलावले गेले, त्यांत हाचिनोसुके फुकुदा आणि मासातोमो इसो ही तेन्जिन शिन्यो-र्यू परंपरेतली दोन वजनदार नावे होती. त्यांच्याबरोबर अठरा वर्षांचा, बुटका, अंगाने किरकोळ असा एक विद्यार्थीही उतरला. त्याचे नाव जिगोरो कानो. कार्यक्रम झाला, आणि थोड्याच दिवसांत फुकुदा वारले. वय ५२. त्यांच्या घरच्यांनी परंपरेच्या गुंडाळ्या, म्हणजे ज्यांवर विद्येचा सगळा ऐवज लिहून ठेवलेला असतो ते कागद, या विद्यापीठात शिकणाऱ्या पोराच्या हवाली केले.

त्या काळी याला फार मोठा अर्थ होता. जुन्या जपानी युद्धविद्यांत शिष्य किती तयार झाला, हे ठरवणारा एकच माणूस असे आणि तो म्हणजे गुरू. त्याची पावती मिळे ती कागदाच्या रूपात. परंपरेनुसार नावे थोडी बदलत, पण क्रम साधारण असा: आधी किरिगामी, म्हणजे जेमतेम एक चिठ्ठी, मग मोकुरोकु, शिकलेल्या डावांची यादी, पुढे मेन्क्यो, शिकवण्याचा परवाना, आणि शेवटी काइदेन, म्हणजे आता तुझ्यापासून लपवलेले काही उरले नाही, ही कबुली. दोन कागदांच्या मध्ये कित्येक वर्षे जात. आपल्याकडे घराण्याचा उस्ताद खास बंदिश शेवटपर्यंत मुठीत ठेवायचा, तशातलाच हा प्रकार. कागद कधी मिळेल, कशावर मिळेल, मुळात मिळेल का, हे विचारायची सोय नव्हती.

कानो या व्यवस्थेत वाढले, आणि तिच्याच जागी त्यांनी दुसरी उभी केली. आज जगभर कंबरेला दिसणारा काळा पट्टा त्या बदलाचा अवशेष आहे. त्याच्या रंगाभोवती पुष्कळ दंतकथा जमल्या आहेत. खरी गोष्ट मात्र रंगापेक्षा हातांची आहे: पट्टा कुणाच्या हातून मिळतो, आणि त्या हातांना तो अधिकार कुठून आला.

*

कानो १८६० मध्ये कोबेजवळच्या मिकागे गावी साके गाळणाऱ्यांच्या नामांकित घराण्यात जन्मले. १८७१ मध्ये ते तोक्योला आले. वसतिगृहातली धटिंगण पोरे त्यांना बुकलून काढत. दुबळा माणूस बळकटाला लोळवू शकतो अशी एक विद्या आहे, हे त्यांनी ऐकले होते. पण ती शिकवणार कोण? मेइजी राजवटीने सामुराईंची सद्दी संपवली होती. १८७६ मध्ये कंबरेला तलवार लावण्यावरही बंदी आली. जुजुत्सूचे गुरू पोटासाठी हाडवैद्यकी करत होते, कारण माणसाचा सांधा निखळवायचा कसा हे ज्याला कळते त्याला तो बसवताही येतो. त्यामुळे कानोंनी गुरू शोधला तो हाडवैद्यांच्या दारी. १८७७ मध्ये त्यांना फुकुदा सापडले, आणि तेही हाडवैद्यच होते. फुकुदांनंतर त्यांनी इसोंकडे धडे घेतले, आणि १८८१ मध्ये इसोही गेल्यावर कितो-र्यू परंपरेचे त्सुनेतोशी इइकुबो त्यांचे गुरू झाले.

१८८२ मध्ये तोक्योच्या एइशोजी नावाच्या बौद्ध मंदिरात कानोंनी स्वतःची शाळा काढली. बारा चटयांची खोली आणि नऊ विद्यार्थी. आपल्या विद्येला ते आता ज्युदो म्हणू लागले होते, आणि शाळेचे नाव होते कोदोकान. आदळआपटीने मंदिराची जमीन हादरे, आणि रात्री स्वतः कानो दिवा घेऊन तक्तपोशीखाली रांगत डागडुजी करत, असे सांगतात. पोटापाण्याला ते गाकुशुइन या उमरावांच्या मुलांच्या विद्यालयात शिकवत होते. त्यांच्या आयुष्यात हेच सूत्र कायम राहिले. पुढे तोक्योच्या शिक्षक-प्रशिक्षण महाविद्यालयाचे ते वीसहून अधिक वर्षे प्राचार्य होते. ज्युदोचा जनक ही त्यांची ओळख जगाला ठाऊक आहे. धंद्याने ते मास्तर होते, हे सहसा लक्षात घेतले जात नाही. पट्ट्याची पद्धत समजायची तर हे दुसरे वाक्य जास्त उपयोगी पडते.

कानोंना जुन्या परवान्यांत जे खटकले, ते एका शिक्षकाला खटकण्यासारखेच होते. पायऱ्या फार थोड्या आणि दोन पायऱ्यांमधले अंतर फार मोठे. नवशिक्या मुलाला पुढची पायरी दिसतच नसेल तर तो उत्साहाने चढेल कशाला? नव्या जपानच्या शाळांनी या अडचणीवर तोडगा काढून ठेवला होता. १८७२ च्या शिक्षण कायद्यानंतर प्राथमिक शाळेतल्या इयत्तांना ‘क्यू’ म्हणत. मूल आठव्या क्यूत बसे आणि परीक्षा देत देत पहिल्याकडे सरके. दुसरे उदाहरण पटावर होते. ‘गो’ या खेळात सतराव्या शतकापासून खेळाडूची पत ‘दान’मध्ये मोजत, तिथे आकडा चढत जाई. ज्युदोने दोन्ही घेतले. शिकाऊ विद्यार्थ्यांसाठी उतरता क्यू, तयार झालेल्यांसाठी चढता दान. पहिला क्यू ओलांडला की पहिला दान, जपानीत ‘शोदान’. ‘शो’ म्हणजे आरंभ. बाहेरचे लोक ज्याला शिखर समजतात, तिथे कानोंच्या हिशेबाने खरा अभ्यास सुरू होतो.

ऑगस्ट १८८३ मध्ये कानोंनी दोघांना शोदान दिला: अठरा वर्षांचा त्सुनेजिरो तोमिता आणि सतरा वर्षांचा शिरो साइगो. देणारा स्वतः तेविशीच्या आतला होता. त्याच वर्षी इइकुबोंनी कानोंना कितो-र्यूचा परवाना दिला, जुन्या रीतीने, कागदावर. म्हणजे एकाच वर्षात हा माणूस जुन्या व्यवस्थेतली पदवी घेत होता आणि नव्या व्यवस्थेतली पदवी वाटत होता. नव्या पदवीमागे शेकडो वर्षांची परंपरा नव्हती, दरबारचा शिक्का नव्हता. बारा चटयांच्या खोलीतली ती एक नोंद होती. तिची किंमत ठरणार होती ती बाहेरच्या आखाड्यात.

*

ती संधी पोलिसांनी दिली. तोक्योच्या पोलीस खात्याला आपल्या शिपायांना शिकवायला चांगले पहिलवान हवे होते, म्हणून १८८० च्या दशकात त्यांनी निरनिराळ्या परंपरांच्या झुंजी लावल्या. कोदोकानची गाठ पडली ती योशिन-र्यूच्या तोत्सुका शाखेशी, त्या काळच्या सर्वांत दबदबा असलेल्या जुजुत्सूवाल्यांशी. या झुंजींचे साल कुणी १८८६ देते, कुणी थोडे पुढेमागे. निकालाबद्दल मात्र वाद नाही. कोदोकानची तरुण पोरे भारी पडली. तोमिता, साइगो, साकुजिरो योकोयामा आणि योशित्सुगु यामाशिता या चौघांना पुढे कोदोकानचे चार दिक्पाल म्हणू लागले. बुटक्या साइगोची ‘यामा-आराशी’ ही फेक घरोघरी माहीत झाली. कालांतराने तोमिताच्याच मुलाने, त्सुनेओ तोमिताने, साइगोवर बेतलेला नायक घेऊन ‘सुगाता सान्शिरो’ ही कादंबरी लिहिली. १९४३ मध्ये तिच्यावर चित्रपट काढून अकिरा कुरोसावा दिग्दर्शक झाला. पहिल्या दोन शोदानांपैकी एकाच्या मुलाने दुसऱ्याला अमर केले.

साइगो स्वतः मात्र १८९० मध्ये कोदोकान सोडून गेला आणि पुढे नागासाकीत वर्तमानपत्रात रमला. १९२२ मध्ये तो वारला, तेव्हा कोदोकानने त्याला मरणोत्तर सहावा दान दिला. ज्याने संस्थेकडे पाठ फिरवली त्याचा हिशेब संस्थेने त्याच्या मागे चुकता केला. दान म्हणजे अंगातल्या कसबाचे माप, अशी आपली समजूत असते. मेलेल्या माणसाचे कसब वाढत नाही. वाढते ती त्याच्याबद्दलची संस्थेची कृतज्ञता किंवा रुखरुख. दानाचा हा दुसरा अर्थ इतक्या लवकर वहीत शिरला होता.

काळा पट्टा आला तो पोलिसांच्या त्या झुंजींच्या सुमाराला, १८८६-८७ च्या आसपास. तोवर दान मिळालेला आणि न मिळालेला यांत पाहणाऱ्याला फरक दिसत नसे. कानोंनी दानधारकांना काळी ओबी बांधायला सांगितली. ओबी म्हणजे किमोनोवर बांधायचा रुंद कमरबंद. कारण आजचा ज्युदोचा पोशाख तेव्हा घडायचा होता. लांब बाह्यांचा जाड सदरा, पायघोळ विजार आणि अरुंद सुती पट्टा हे रूप १९०७ च्या सुमारास स्थिरावले. पांढरा पट्टा कधी धुवायचाच नाही, वर्षानुवर्षांच्या घामाने आणि मळाने तो काळा पडला की माणूस उस्ताद झाला, ही लोकप्रिय कहाणी कुणा कल्पक माणसाने रचलेली आहे. पट्टा बदलला तो एका दिवसात, शाळेच्या हुकमाने. उलट घडते ते मात्र खरे आहे. फार वापरलेल्या काळ्या पट्ट्याचे वरचे कापड झिजते आणि आतला पांढरा सुती गाभा डोकावू लागतो.

*

कोदोकानची शिडी प्रत्यक्षात कशी चालते, हे समजले तर पुढचे वाद समजतात.

१८८४ मध्ये शाळेचे नियम लिहून निघाले. दर महिन्याच्या कुस्त्या आणि ‘कोहाकु शिआई’, म्हणजे लाल विरुद्ध पांढरा असा मोठा सामना, हे याच काळात सुरू झाले. लाल-पांढऱ्याची ही जोडी जपान्यांच्या रक्तात आहे: बाराव्या शतकातल्या यादवीत ताइरांचे निशाण लाल होते आणि मिनामोतोंचे पांढरे. कोहाकु सामन्यात दोन्ही बाजूंचे खेळाडू कनिष्ठाकडून वरिष्ठाकडे अशा क्रमाने उभे राहतात. जिंकणारा चटईवर थांबतो आणि पुढचा प्रतिस्पर्धी येतो. लागोपाठ सहा जणांना निर्विवाद डावाने, ‘इप्पोन’ने, पाडले तर तिथल्या तिथे वरचा दान मिळण्याची तरतूद आहे. एरवी मात्र तीन गोष्टी जमून यायला लागतात. सामन्यांतले गुण, दोन दानांमधला किमान काळ, आणि ‘काता’, म्हणजे ठरलेल्या क्रमाने, ठरलेल्या पद्धतीने करून दाखवायचे डाव. शोदानसाठी ‘नागे नो काता’चे पहिले तीन गट, दुसऱ्या दानासाठी ते पूर्ण, तिसऱ्यासाठी जमिनीवरच्या पकडींचा ‘कातामे नो काता’, चौथ्यासाठी ‘जू नो काता’, असा चढता अभ्यासक्रम आहे. शोदानसाठी वयाची अट आहे चौदा वर्षे.

यातली गंमत अशी की वर जाताना या तिन्ही गोष्टींचे वजन बदलत जाते. खालच्या दानांत ताकद आणि चपळाई चालते. वर जाताना वय, सेवा, शिकवलेले शिष्य, संस्थेसाठी घातलेली वर्षे यांचा हिशेब वाढतो. पाचव्या दानापर्यंत पट्टा काळा असतो. सहा ते आठसाठी लाल-पांढऱ्या ठोकळ्यांचा पट्टा १९३० मध्ये आला. नवव्या आणि दहाव्यासाठी पूर्ण लाल. हे भरजरी पट्टे मिरवायचे ते समारंभात. सरावाला आठव्या दानाचा माणूसही काळाच बांधून उतरला तर कुणाला नवल वाटत नाही. दहाव्या दानाचा पहिला मान १९३५ मध्ये वारलेल्या यामाशितांना मिळाला, तोही मरणोत्तर. हेच यामाशिता १९०४ मध्ये व्हाइट हाउसमध्ये थिओडोर रूझवेल्ट यांना ज्युदो शिकवत होते. कानो हयात असताना आणखी दोघेच त्या पायरीवर पोहोचले: हाजिमे इसोगाई आणि हिदेइची नागाओका, दोघेही १९३७ मध्ये.

कानोंना स्वतःला कोणताच दान नव्हता. देणारे तेच होते. त्यांना द्यायचा तर कुणी? १९०९ मध्ये ते आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचे पहिले आशियाई सदस्य झाले होते. मे १९३८ मध्ये कैरोच्या बैठकीहून परतताना ‘हिकावा मारू’ बोटीवर त्यांचे निधन झाले, तेव्हा त्यांची शिडी जपानबाहेर पोहोचून तिला नवे रंग चढू लागले होते.

*

रंग चढले ते युरोपात. जपानमध्ये मोठ्या माणसाला बरीच वर्षे तीनच रंग माहीत होते: पांढरा, वरच्या तीन क्यूंसाठी तपकिरी, आणि काळा. आठवड्यातून चार-पाच दिवस चटईवर असणाऱ्या जपानी विद्यार्थ्याला तेवढे पुरत. लंडनच्या किंवा पॅरिसच्या कारकुनाचे तसे नव्हते. तो आठवड्यातून दोनदा, ऑफिस सुटल्यावर येणार, वर्गणी भरणार आणि सहा महिन्यांत आपली काही प्रगती झाली का, असे विचारणार. काळ्या पट्ट्यापर्यंतची चार-पाच वर्षे एकाच पांढऱ्या रंगात काढायला तो तयार नव्हता.

लंडनमध्ये गुंजी कोइझुमी यांनी १९१८ मध्ये ‘बुदोक्वाई’ हे मंडळ काढले. १९२० मध्ये कानो स्वतः तिथे आले. कोइझुमी आणि त्यांचे सहकारी युकिओ तानी यांना त्यांनी दुसरा दान दिला आणि मंडळ ज्युदोच्या गोतात आले. याच मंडळाच्या १९२० च्या दशकातल्या कागदपत्रांत रंगीत पट्टे दिसू लागतात. पॅरिसला १९३५ मध्ये मिकिनोसुके कावाइशी आले आणि त्यांनी या कल्पनेची पद्धत बनवली. फ्रेंच माणसाला जपानी नावे पाठ करायला लावण्याऐवजी त्यांनी डावांना क्रमांक दिले: पायाचा पहिला, कंबरेचा तिसरा. आणि पट्ट्यांची माळ लावली: पांढरा, पिवळा, नारिंगी, हिरवा, निळा, तपकिरी. १९३९ च्या एप्रिलमध्ये मोरिस कोत्रो हा पहिला फ्रेंच काळा पट्टेवाला झाला. युद्धानंतर फ्रान्समध्ये ज्युदो झपाट्याने पसरला, आणि त्यात या माळेचा वाटा मोठा होता. पुढे मुलांसाठी दोन रंगांच्या मधलेही पट्टे निघाले, अर्धा पांढरा अर्धा पिवळा असे. ब्रिटनमध्ये लहान मुलांच्या ‘मोन’ पायऱ्यांसाठी पट्ट्याच्या टोकाला रेघा आल्या.

जपानमधल्या जुन्या मंडळींना हा बाजार वाटला असेल. पण कानोंचा मूळ मुद्दा तोच होता की पायऱ्या जवळजवळ हव्यात. कावाइशींनी मास्तरांचे गणित दुसऱ्या गिऱ्हाइकाला लावून दाखवले, एवढेच.

दानाची कल्पना जपानमध्येही ज्युदोच्या कुंपणात राहिली नव्हती. १९२२ मध्ये ओकिनावाहून आलेल्या गिचिन फुनाकोशींना कानोंनी कोदोकानमध्ये कराटेचे प्रात्यक्षिक करायला बोलावले. फुनाकोशींनी कोदोकानची पद्धत पाहिली, आणि १९२४ मध्ये आपल्या शिष्यांना पहिले शोदान दिले. तिथून हा वसा आयकिडो, तायक्वांदो असा सगळीकडे गेला. भारतात ज्युदो कराटेच्या आधी आला होता: रवींद्रनाथांच्या निमंत्रणावरून १९२९ मध्ये शिंझो ताकागाकी शांतिनिकेतनात शिकवायला आले. तरी पुण्या-मुंबईच्या सोसायट्यांच्या गच्चीवर संध्याकाळी पिवळे-नारिंगी पट्टे बांधून ओरडणारी मुले दिसतात ती बहुधा कराटेची. त्यांच्या कंबरेच्या रंगांचा उगम शोधत मागे गेले की वाट कोदोकानच्याच दारात येते.

*

युद्धानंतर पट्ट्याला एक प्रतिस्पर्धी उभा राहिला: पदक. १९४८ मध्ये युरोपीय ज्युदो संघ झाला, १९५१ मध्ये आंतरराष्ट्रीय महासंघ. १९५६ मध्ये तोक्योत पहिली जागतिक स्पर्धा झाली तेव्हा वजनगट नव्हते. उत्तम ज्युदोला वजनाची सबब लागत नाही, ही जुनी श्रद्धा तेव्हा टिकून होती. १९६१ मध्ये अँटोन गीसिंक या जवळपास दोन मीटर उंच डच माणसाने पॅरिसला जागतिक अजिंक्यपद घेतले. १९६४ मध्ये तोक्यो ऑलिंपिकमध्ये ज्युदो पहिल्यांदा आला, आणि २३ ऑक्टोबरला बुदोकान सभागृहात खुल्या गटाच्या अंतिम लढतीत गीसिंकने अकिओ कामिनागाला जमिनीवर दाबून धरले. घरच्या प्रेक्षागृहात सन्नाटा पसरला. जल्लोष करत चटईकडे धावणाऱ्या डच पाठीराख्यांना गीसिंकने हात वर करून थोपवले. जपान्यांनी ती अदब आजवर लक्षात ठेवली आहे.

स्पर्धेत पट्ट्याचा रंग मग जवळजवळ निरर्थक ठरला. ऑलिंपिकला पात्र होण्यासाठी वजन लागते आणि गुण लागतात. तुमचा दान तिसरा की पाचवा, हे पंच विचारत नाही. बरीच वर्षे तर दोघांना ओळखता यावे म्हणून एकाला लाल आणि दुसऱ्याला पांढरा पट्टा बांधायला लावत. स्वतःच्या श्रेणीचा रंग त्यापुढे गौण. १९९७ मध्ये एकाला निळा पोशाख देण्याचे ठरले तेव्हा ती गरजही संपली. निळ्याचा हट्ट गीसिंकनेच धरला होता.

पण चटईवर जे सिद्ध करता येते ते सिद्ध करायलाच ज्यांना मनाई होती, त्यांच्यासाठी पट्टा ही एकमेव पावती होती. अशा होत्या स्त्रिया.

कानोंनी १८९० च्या दशकातच काही स्त्रियांना शिकवायला सुरुवात केली होती. १९२६ मध्ये कोदोकानमध्ये स्त्रियांचा स्वतंत्र विभाग झाला. १९३५ मध्ये त्यात केइको फुकुदा आल्या. ज्या हाडवैद्य गुरूंच्या गुंडाळ्या तरुण कानोंच्या हाती आल्या होत्या, त्या हाचिनोसुके फुकुदांची ही नात. कानोंनी स्वतः तिला बोलावले होते. स्त्रियांना सराव होता, काता होता. सामने मात्र नव्हते. केइकोंचे शरीर पाच फुटांच्याही आत, पण ‘जू नो काता’मध्ये त्यांचा हात धरणारे कमी. लग्न ठरवायची वेळ आली तेव्हा त्यांनी ज्युदो निवडला. परदेशी जाऊन शिकवा, हा कानोंचा शब्द त्यांनी पाळला. १९६४ च्या ऑलिंपिकमध्ये प्रात्यक्षिक दिले आणि दोन वर्षांनी अमेरिकेत जाऊन कॅलिफोर्नियात स्थायिक झाल्या.

१९५३ मध्ये त्यांना पाचवा दान मिळाला होता. तिथे शिडी संपत होती, कारण स्त्रीला पाचव्याच्या पुढे न्यायचे नाही अशी कोदोकानची रीत होती. त्यांच्याकडे शिकलेले पुरुष त्यांना ओलांडून वर जात राहिले. १९७२ मध्ये अमेरिकेतल्या त्यांच्या शिष्यांनी आणि चाहत्यांनी कोदोकानकडे अर्ज केला, सह्या जमवल्या, पाठपुरावा केला. अखेर केइको फुकुदा आणि मासाको नोरितोमी या दोघींना सहावा दान मिळाला. पाचवरून सहावर जायला एकोणीस वर्षे लागली. स्त्रियांच्या काळ्या पट्ट्याच्या मधोमध धावणारी पांढरी रेघ त्याहूनही चिवट निघाली. आंतरराष्ट्रीय स्पर्धांतून ती १९९९ मध्ये गेली. जपानच्या महासंघाने ती काढायला २०१७ उजाडले.

८ जानेवारी २००६ रोजी कोदोकानमध्ये नव्या वर्षाचा ‘कागामी बिराकी’ समारंभ होता. त्या दिवशी तोशिरो दाइगो, इचिरो आबे आणि योशिमी ओसावा या तिघांना दहावा दान मिळाला. शाळा निघाल्यापासूनच्या १२४ वर्षांत हा मान मिळालेल्यांची संख्या त्यांच्यासह पंधरा झाली. त्याच समारंभात ९२ वर्षांच्या केइको फुकुदांना नववा दान मिळाला, आणि कोदोकानचा नववा दान मिळालेल्या त्या पहिल्या स्त्री ठरल्या. दहावा त्यांना २०११ मध्ये मिळाला, पण तो दिला अमेरिकेच्या ज्युदो संघटनेने. दोन वर्षांनी सॅन फ्रान्सिस्कोत त्या वारल्या.

कोदोकानच्या पंधरांत त्यांचे नाव नाही. गीसिंकचेही नाही, त्याला दहावा दान १९९७ मध्ये आंतरराष्ट्रीय महासंघाने दिला. म्हणजे दहावा दान नावाची एकच पायरी आता निदान तीन वेगळ्या वह्यांत आहे. फ्रान्सने तर हा प्रश्न कायद्याने सोडवला: तिथे सरकारमान्य महासंघाच्या खास समितीखेरीज कुणीही दान दिला, तर त्याला मान्यता नाही. बारा चटयांच्या खोलीतली नोंद एका देशाच्या कायद्याच्या पुस्तकात जाऊन बसली.

या पसाऱ्याकडे पाहून जुन्या गुरूंना वाटेल, आमच्या गुंडाळ्या काय वाईट होत्या? निदान पट्ट्यांचा बाजार तरी नव्हता. त्यात तथ्य आहे. कानोंनी पायऱ्या मोजता येण्याजोग्या केल्या, आणि मोजता येणाऱ्या गोष्टीला लोक विकतात, मिरवतात, तिच्यावरून भांडतात. पण याच मोजमापाची दुसरी बाजू १९७२ मध्ये दिसली. गुरूच्या मनातच निकाल लागत असता, तर एका बाईला काइदेन मिळाले नाही याची तक्रार करायची कुणाकडे आणि कशाच्या जोरावर? कोदोकानच्या वहीत मात्र तारीख होती, आकडा होता, बरोबरीच्या पुरुषांचे आकडेही होते. एकोणीस वर्षांचा खाडा कुणालाही बोटावर मोजता येत होता. कोदोकानने केलेला अन्याय कोदोकानच्याच शिडीने उघडा पाडला, आणि तो दूर करण्यासाठी नवा नियम मागावा लागला नाही. पुरुषांना लावलेला नियम स्त्रियांना लावा, एवढेच म्हणावे लागले.